सहावा साक्षीदार

पाय जपून टाका. खाली चिखल आहे आणि तो नुसत्या मातीचा नाही. बैल, घोडे, डुकरं, माणसं, सगळ्यांनी त्यात भर घातली आहे. मागे एव्हन नदीवरचा चौदा कमानींचा दगडी पूल, समोर स्ट्रॅटफर्ड गाव. तुमच्या अंगावर जाड लोकरीचा डगला आहे, तो मानेपाशी टोचतो. तो कधीच धुतलेला नाही. इथे आतला लिननचा सदरा तेवढा धुतात, वरच्या लोकरीला नुसता झटका देतात. तेव्हा शेजारून जाणाऱ्याच्या घामाचा, धुराचा आणि मेंढीच्या चरबीचा वास आला तर नाक मुरडू नका. तुमच्याही अंगाला तोच येतो आहे.

आज २५ मार्च. इंग्लंडात नवं वर्ष आजच्या दिवशी लागतं, म्हणजे काल १६१५ होतं आणि आज १६१६ उजाडलं. खंड भरायचा, भाडं चुकवायचं, नवा करार करायचा तो याच दिवशी. म्हणून ब्रिज स्ट्रीटवर एवढी रेटारेटी आहे. बेअर आणि स्वॉन या दोन सरायांसमोर घोडे फुरफुरताहेत, शेतकरी कमरेच्या पिशव्या चाचपत उभे आहेत, कुळं आणि मालक पेनीपेनीवरून हुज्जत घालताहेत. येत्या रविवारी ईस्टर आहे. त्यामुळे उपवास चालू आहे आणि मांस बंद. हवेत खारवलेल्या हेरिंग माशाचा उग्र दर्प आहे आणि त्याच्या खालून भाजलेल्या सातूचा गोडसर वास येतो. हे गाव माल्टवर जगतं. मोड आलेले सातू भट्टीत भाजायचे आणि त्याची एल गाळायची, हा इथला घरोघरीचा धंदा. चहा मागू नका, कॉफीही नाही. तहान लागली तर पातळ बिअर मिळेल. ती इथे लहान पोरंही पितात.

पुढे चला. मधूनच ओळीतली घरं तुटलेली दिसतील, काळी पडलेली तुळई, उघडा चौथरा. पावणेदोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आग लागली आणि ५४ घरं गेली. गवताची छपरं, लाकडी सांगाडे, वाऱ्याचा झोत, मग वेळ कितीसा लागणार! ज्या गावात एका दुपारी घर जाऊ शकतं तिथली माणसं मालमत्तेबद्दल कशी बोलतात ते ऐका. कुणी ‘घर’ असं मोघम म्हणत नाही. पितळी भांडं, पिसांची गादी, चांदीचा वाडगा, लोकरीचा झगा, असं एकेक मोजून सांगतात.

हाय स्ट्रीटवर वळलात की एका दारूच्या दुकानापाशी आवाज एकदम दबलेला जाणवेल. मद्यविक्रेता टॉमस क्विनी, वय २७. त्याचं लग्न होऊन सहा आठवडे झालेत. बायको ज्युडिथ, वय ३१, न्यू प्लेस या मोठ्या घराची धाकटी लेक. लग्नांना मनाई असलेल्या काळात खास परवान्याशिवाय लग्न लावलं म्हणून चर्चने त्याला आधीच बहिष्कृत केलं आहे. पण बायका कानाशी लागून जे बोलताहेत ते त्याहून वाईट. मार्गारेट व्हीलर नावाची एक मुलगी बाळंतपणात गेली, बाळही गेलं. दोघांना दहा दिवसांपूर्वी मूठमाती दिली. बाळ टॉमसचं होतं. उद्या त्याला चर्चच्या न्यायासनापुढे उभं राहायचं आहे.

हे गाव दोनेक हजार वस्तीचं. इथे असली गोष्ट दाराआड राहत नाही. सासऱ्यापर्यंत ती पोचली असणारच. तुम्ही निघाला आहात त्या सासऱ्याच्याच घरी.

चॅपल स्ट्रीट आणि चॅपल लेनचा कोपरा. गल्लीतून वाहणाऱ्या गटाराचा भपका घशात अडकेल, तोंडावर बाही धरा. उकिरडा ही गावाची जुनीच खोड. याच घरमालकाच्या वडिलांना तरुणपणी हेन्ली स्ट्रीटवर घरासमोर कचऱ्याचा ढीग केल्याबद्दल १२ पेनी दंड झाला होता. पलीकडे गिल्ड चॅपलची घंटा वाजते आहे, तिच्या शेजारच्या शाळेतून पोरं लॅटिन घोकताहेत. आणि समोर न्यू प्लेस: तीन मजले, दहा चुली, मागे बाग आणि धान्याची कोठारं. हातमोजे शिवणाऱ्याच्या पोराने, विल्यम शेक्सपियरने, लंडनच्या नाटकांतून हे कमावलं.

आत जा. कोणी हटकलं तर हातातली दौत दाखवा. वकील फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या कारकुनामागे दौत धरून उभा राहणारा गडी, एवढीच तुमची ओळख.

खोली तापलेली आहे. चुलीत ओंडके तडतडताहेत, धूर थोडा आत आणि थोडा वर जातो आहे. बाहेरच्या गारठ्यातून आल्यावर डोळ्यांतून पाणी येईल. शाईचा आंबट वास येतो. ती ओकच्या झाडावरच्या गाठी आणि लोहक्षार मिसळून केलेली आहे. हंसाचं पीस कागदावर कुरकुरतं. कागद जुन्या चिंध्यांचा, जाड, खरखरीत. आणि खुर्चीत बसलेला तो रुंद कपाळाचा माणूस, ५१ वर्षांचा. मजकुराच्या सुरुवातीला प्रकृती आणि स्मरणशक्ती उत्तम असल्याचं लिहिलं आहे. वकील सगळ्यांच्याच मृत्युपत्रात तसं लिहितात. थोड्या वेळाने त्याचा हात कागदावर कसा चालतो ते तुम्ही पाहालच.

आता नीट ऐका. हा मजकूर जानेवारीत एकदा तयार झाला होता. आज ‘जानेवारी’ खोडून ‘मार्च’ केला. मग पहिलंच कलम येतं आणि कारकून लिहितो, ‘माझ्या जावयास’. पीस थांबतं. ते शब्द खोडले जातात. त्या जागी येतं: माझी मुलगी ज्युडिथ.

एवढ्या एका रेघेत या घरातला सगळा महिना आहे. या धाकट्या जावयाचं नाव संपूर्ण कागदात कुठेही येत नाही. ज्युडिथला १०० पौंड लग्नाचे. आणखी ५० पौंड, पण चॅपल लेनमधल्या छोट्या घरावरचा हक्क सोडला तरच. आणि आणखी १५० पौंड, ते मात्र ती किंवा तिचं मूल तीन वर्षांनी हयात असेल तर. तेही हातात नाही. नवरा असेपर्यंत तिला फक्त व्याज. नवऱ्याने तेवढ्याच किमतीची जमीन तिच्या नावावर केली तर गोष्ट वेगळी. सगळे मिळून ३०० पौंड. घंटेशेजारच्या त्या शाळेतल्या मास्तरला वर्षाला २० पौंड मिळतात, यावरून रकमेचं वजन समजून घ्या. या काळात बायकोच्या हातात आलेला पैसा कायद्याने नवऱ्याचा होतो. म्हणून बापाने पैशाला कुंपण घातलं आहे. लेकीला दंड केला असं काही जण याला म्हणतात. मला ते पटत नाही. चिडलेला बाप नाव गाळतो. या बापाने एकामागून एक अटी रचल्या, व्याजाचा दर ठरवून दिला, आणि शिवाय सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा मोठा वाडगाही तिलाच ठेवला. लेक सुरक्षित राहावी म्हणून जागलेल्या माणसाचं हे काम आहे.

याच माणसाने दहा वर्षांपूर्वी किंग लिअर लिहिलं होतं. जिवंतपणी सगळं वाटून टाकणाऱ्या बापाचं काय होतं ते आपल्याला शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मुळे पाठ आहे. लिअर लिहिणारा स्वतः मात्र शेवटच्या श्वासापर्यंत काहीही हातचं सोडत नाही.

पुढची कलमं भराभर जातात. बहीण जोन हार्ट हिला २० पौंड, त्याचे सगळे कपडे, आणि हेन्ली स्ट्रीटवरचं ती राहते ते घर तिच्या हयातीपर्यंत. भाडं वर्षाला १२ पेनी. कपडे ऐकून हसू नका, चांगला झगा इथे पिढ्यांना पुरतो. तिच्या तीन मुलांना पाच-पाच पौंड. विल्यम, मायकेल आणि... तिसऱ्या भाच्याचं नाव खोलीत कुणालाच आठवत नाही. कारकून जागा कोरी ठेवतो. ती पुढे कधीच भरली गेली नाही. भाच्याचं नाव टॉमस होतं. तुम्हाला ते माहीत आहे, पण दौत धरणाऱ्याने बोलायचं नसतं.

गरिबांना १० पौंड. टॉमस कोम नावाच्या तरुणाला तलवार. आठ वर्षांच्या नातीला, एलिझाबेथला, वाडगा सोडून चांदीची बाकी भांडी. लंडनमधले तीन सहकारी नट, हेमिंग्ज, बर्बेज आणि काँडेल, यांना अंगठ्यांसाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेनी. आणि तेवढीच रक्कम तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्या बेकरला. त्याचं नाव हॅम्नेट सॅडलर. त्याच्याकडे बघा. या कुटुंबात ३१ वर्षांपूर्वी जुळं जन्मलं तेव्हा मुलाचं नाव त्याच्यावरून आणि मुलीचं त्याच्या बायकोवरून ठेवलं होतं. मुलगी ज्युडिथ. मुलगा हॅम्नेट अकराव्या वर्षी गेला. आता तोच शेजारी साक्षीला आला आहे.

नाटकांचं काय, असं तुमच्या मनात आलं असेल. या कागदावर एकही नाटक नाही. नाटकं मंडळीच्या मालकीची, त्यामुळे मृत्युपत्रात येण्याजोगं त्यात काही नव्हतं.

मग थोरली सुझॅना. इथे कारकुनाचा हात दुखायला लागतो. न्यू प्लेस, हेन्ली स्ट्रीट, आसपासच्या जमिनी, लंडनचं ब्लॅकफ्रायर्सचं घर, सगळं तिला. तिच्यानंतर तिच्या पहिल्या मुलाला. तो नसेल तर दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला. असं करत सातव्यापर्यंत. मग नातीच्या मुलग्यांना. मग ज्युडिथच्या मुलग्यांना. सुझॅना ३२ वर्षांची आहे आणि तिला मुलगा एकही नाही. खोलीतला प्रत्येक जण ऐकतो आहे, चूल तडतडते आहे, आणि अजून न जन्मलेल्या पोरांची रांग कागदावर लांबत चालली आहे. ज्याचा एकुलता मुलगा गेला त्या माणसाला ही मिळकत एकसंध राहावी आणि ती पुरुष वारसाकडेच जावी असं किती वाटत होतं, ते या कलमांच्या लांबीवरून कळतं. पण यात मला सगळ्यात मोठी चूक दिसते.

आता शेवटचा कागद. सगळं लिहून झालं आहे, आणि मग दोन ओळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कारकून आणखी एक ओळ कोंबतो: बायकोला दुसऱ्या क्रमांकाचा पलंग, त्याच्या साजासकट.

थांबा, लगेच भुवया उंचावू नका. आधी वर जाऊन तो पलंग पाहू. जिना करकरतो, जपून. खोलीच्या मध्यभागी ओकचे चार जाड खांब, वर छत, चारही बाजूंनी लोकरीचे जड पडदे. खाली आवळून बांधलेल्या दोऱ्या, त्यांवर पेंढ्याची गादी, तिच्यावर पिसांची, मग लोड, उश्या, चादरी, गोधडी. हा सगळा ‘साज’ पलंगाबरोबरच जातो. पडदे ओढून आत बसा. बाहेर खिडकीच्या फटीतून वारा येतो आहे आणि इथे आत ऊब आहे, अंधार आहे, स्वतःच्या श्वासाचा आवाज आहे. या घरात एका खोलीतून दुसरीत जाताना कुणीही मधून जातं, तेव्हा नवरा-बायकोला खासगी जागा म्हणून एवढीच. इथेच जन्म आणि इथेच मरण. खात्यापित्या घरात सर्वांत चांगला पलंग पाहुण्यांसाठी राखलेला असायचा, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा म्हणजे बहुधा दोघांचा रोजचा.

शिवाय विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या उत्पन्नात तिसरा हिस्सा हयातभर मिळण्याची रीत कायद्यातच होती, ती लिहावी लागत नसे. हेही खरं की ब्लॅकफ्रायर्सचं घर १४० पौंडांना घेताना त्याने तीन जणांची नावं बरोबर घातली होती, आणि त्यामुळे त्या घरावर बायकोला हक्क सांगता येणार नव्हता. म्हणजे हे प्रेम होतं की उपेक्षा? शतकानुशतकं माणसं भांडताहेत. बायको ॲन साधारण ६० वर्षांची आहे, ३३ वर्षांचा संसार झाला आहे, आणि या तीन कागदांत तिच्या वाट्याला हीच एक ओळ आहे. ‘लाडकी’ नाही, ‘विश्वासू’ नाही. माणसाच्या भावना इतक्या नेमक्या शब्दांत मांडणारा दुसरा माणूस त्या देशात नव्हता. त्याने इथे कारणाचे चार शब्द लिहिले असते तर त्या बाईला मेल्यावर एवढी थट्टा सोसावी लागली नसती.

खाली चला, सह्या होताहेत. त्याचा हात पीस पकडतो. पहिल्या पानावर सही, दुसऱ्या पानावर सही, अक्षर ओढत नेल्यासारखं. तिसऱ्या पानावर त्याने ‘बाय मी विल्यम’ एवढं बऱ्यापैकी लिहिलं आणि आडनावापाशी हात ढेपाळला. हातातली दौत हलू देऊ नका. पाच साक्षीदारांची नावं पडतात. सहावे तुम्ही, पण तुमचं नाव कागदावर नाही.

दुसऱ्या दिवशी टॉमस क्विनीने गुन्हा कबूल केला. शिक्षा ठरली: तीन रविवार पांढरी चादर पांघरून सगळ्या गावासमोर चर्चमध्ये उभं राहायचं. मग ती पाच शिलिंग दंडावर भागवण्यात आली. १७ एप्रिलला जोनच्या नवऱ्याला पुरलं. सहा दिवसांनी तिचा भाऊही गेला. त्या बहिणीचं एकाच आठवड्यात काय झालं असेल याचा विचार करा, आणि मग तिच्या डोक्यावर छप्पर होतं हे आठवा. १२ पेनी भाड्याचं. दोन महिन्यांनी थोरला जावई, डॉक्टर जॉन हॉल, कागद घेऊन लंडनला गेला आणि मृत्युपत्र शाबीत झालं.

आता भराभर पुढची वर्षं बघू.

सुझॅनाला मुलगा झाला नाही. पहिलाही नाही, मग सातवा कुठला! ज्युडिथला तीन मुलगे झाले. पहिल्याचं नाव तिने शेक्सपियर ठेवलं, तो तान्हेपणीच गेला. उरलेले दोघे, १९ आणि २१ वर्षांचे, १६३९ मध्ये एकाच हिवाळ्यात गेले. ती स्वतः ७७ वर्षं जगली, ज्याच्या हाती पैसा पडू नये म्हणून बापाने अटी घातल्या त्याच नवऱ्याची बायको म्हणून. नात एलिझाबेथ १६७० मध्ये निपुत्रिक वारली आणि शेक्सपियरचा थेट वंश संपला. पुरुष वारसांची ती लांबच लांब रांग कागदावरच राहिली. न्यू प्लेस परक्यांकडे गेलं, आणि त्या जागेवरचं घर १७५९ मध्ये तेव्हाच्या मालकाने पाडून टाकलं.

आणि बहिणीचं घर? जोन त्यात आणखी तीस वर्षं राहिली. एलिझाबेथने आपल्या मृत्युपत्रात ते जोनच्याच नातवंडांना दिलं, आणि हार्ट घराण्याने ते १८०६ पर्यंत सांभाळलं. आज लाखो लोक जिथे शेक्सपियरचं जन्मघर पाहायला जातात ते हेच. आज जे त्याच्या घराण्यातले म्हणवतात ते याच जोनच्या वंशातले आहेत. अंगठीपुरते पैसे मिळालेल्या हेमिंग्ज आणि काँडेल यांनी १६२३ मध्ये त्याची ३६ नाटकं एका ग्रंथात छापली. त्यातली निम्मी तोवर छापलेलीच नव्हती, ‘मॅकबेथ’सुद्धा. मृत्युपत्रात ज्यांचा उल्लेखही नव्हता ती नाटकं दोन मित्रांनी आपण होऊन वाचवली.

म्हणून माझं मत असं: त्या कागदातलं जे समोर दिसणाऱ्या माणसासाठी होतं, बहिणीचं छप्पर, लेकीच्या पैशाचं कुंपण, ते कामी आलं. जे न जन्मलेल्यांसाठी होतं ते वाया गेलं. आणि जे न सांगता सोडलं त्यावर जगाने मनाला येईल ते लिहिलं.

तर आता परत या, डगला उतरवा, आणि कागद घ्या. आपल्याकडे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ ज्यांना लागू होतो त्यांच्या मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तुमची सही आणि तुम्हाला सही करताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. हात स्थिर आहे तोवर लिहा. घरात कोण राहतं आणि तुमच्यानंतर त्याला कोण बाहेर काढू शकतं, हे आधी विचारात घ्या. सगळ्या भाच्यांची नावं कुणाला तरी विचारून घ्या. सातव्या मुलाची चिंता सोडा. आणि बायकोला किंवा नवऱ्याला जे द्याल, ते का देता आहात हे त्याच ओळीत, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा.